रेस निव्वळ नशिबाची नाही



‘रेस म्हणजे निव्वळ नशीब’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे विधान पटले नाही. पुण्याच्या पावसाळी हंगामात माझा आठवडा पैजेच्या खिडकीवर कमी, रेसबुकात जास्त जातो: कुठल्या घोड्यावर किती वजन, जॉकी कोण, ओल्या ट्रॅकवर घोडा आधी कसा पळाला. सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये रेसला कौशल्याचा खेळ मानले. (तरी फेव्हरिट हरतो, ते वेगळे!)

खरा मुद्दा पत्रात आलाच नाही. टोटवर, म्हणजे सगळ्यांच्या पैजा एकत्र होतात तिथे, जमलेल्या पैशांतून क्लबचा वाटा आणि कर आधी वजा होतात, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात. त्यामुळे इतरांपेक्षा थोडा सरस अभ्यास पुरत नाही. कपातही भरून निघावी लागते. बहुतेकांची ती निघत नाही. टीका करायची तर या हिशेबावर करावी.

– एक रेसप्रेमी वाचक, पुणे