चूक खंजिरीची नव्हती!

बालमित्रांनो, आज माझीच एक चूक सांगतो. आमच्या वर्गाचं समूहगीत आम्ही रेकॉर्ड केलं. ऐकतो तर काय, मधेच 'टक्', पुन्हा 'टक्'! खंजिरी वाजवणाऱ्या मुलीला मी सगळ्यांसमोर रागावलो. बिचारीचे डोळे भरून आले.

आमचा रेकॉर्डर होता मल्टिट्रॅक. वहीत रकाने असतात ना, तसे त्यात ट्रॅक असतात. पेटी एका ट्रॅकवर, खंजिरी दुसऱ्या. हवा तो ट्रॅक बंद करता येतो. मी खंजिरीचा ट्रॅक बंद केला. तरीही 'टक्' होतंच!

मग चोर कोण? घड्याळ! डिजिटल यंत्र आवाजाचं माप घेतं, तेही बऱ्याचदा सेकंदाला ४४,१०० वेळा. त्यासाठी प्रत्येक यंत्रात स्वतःचं घड्याळ असतं. आमचा मिक्सर आणि रेकॉर्डर आपापल्या घड्याळावर चालत होते. दोन घड्याळं अगदी तंतोतंत कशी जुळणार? एखादं माप निसटलं, की झालं 'टक्'!

कवायतीत 'एक-दोन' एकानेच म्हणायचं असतं. म्हणून मिक्सरचं घड्याळ 'इंटर्नल' ठेवलं आणि रेकॉर्डरचं 'एक्स्टर्नल' केलं. आता तो मिक्सरच्या ठेक्यावर चालू लागला.

दुसऱ्या दिवशी आधी त्या मुलीची माफी मागितली, तीही सगळ्यांसमोर. मग पुन्हा गाणं झालं. आवाज एकदम स्वच्छ!

करून पाहा : दोघांनी एकदम सुरुवात करून मनातल्या मनात साठ अंक मोजा. संपतात का बरोबर एकाच वेळी?