दिल्लीचा हिशेब येडशीत

अठराव्या लोकसभेची पहिली बैठक 24 जून 2024 रोजी भरली. ती मुदतीपूर्वी विसर्जित झाली नाही, तर 2029 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील मतदारांना पुन्हा मतदानकेंद्राची वाट धरावी लागेल. निवडणूक जाहीर झालेली नसताना तिच्याविषयी पहिल्या पानावर लिहिण्याचे प्रयोजन काय, अशी शंका वाचकांस येणे स्वाभाविक आहे. आमचे उत्तर सरळ आहे. निवडणूक एकदा जाहीर झाली, म्हणजे शांतपणे विचार करण्याचे दिवस संपलेले असतात. उमेदवारीचे घोळ, रुसवेफुगवे आणि सभांचा गलबला यांत तीन-चार आठवडे निघून जातात. आणि ज्या एका प्रश्नासाठी ही सारी यातायात, तो विचारावयाचा राहूनच जातो. आमच्या खासदाराने पाच वर्षांत दिल्लीत आमचे कोणते काम केले, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न हवेत राहू नये म्हणून आम्ही एकच गाव डोळ्यांपुढे ठेवतो. धाराशिव जिल्ह्यातील येडशी हे गाव रामलिंगाच्या देवस्थानामुळे आणि भोवतालच्या घाटातील अभयारण्यामुळे लोकांस परिचित आहे. परंतु त्याची दुसरी ओळख अशी की, दिल्लीची सत्ता येथे उघड्या डोळ्यांनी पाहता येते. सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग येथून जातो. त्याचे चौपदरीकरण झाले तेव्हा सोलापूर ते येडशी हा एक टप्पा आणि येडशी ते औरंगाबाद हा दुसरा टप्पा धरण्यात आला. बार्शी लाईट रेल्वेची नॅरोगेज गाडी याच गावावरून लातूरला जात असे, आणि जिल्ह्याचे मुख्य ठाणे मात्र त्या मार्गापासून दूर पडलेले होते. लातूरकडून ब्रॉडगेज गाडी उस्मानाबाद शहरापर्यंत यावयास 2007 साल उजाडले, आणि पुढे येडशी-बार्शीवरून कुर्डुवाडीशी जोड मिळावयास 2008. लाईट रेल्वे सरकारच्या ताब्यात आली होती 1954 साली. म्हणजे मधली 50 हून अधिक वर्षे गेली. या अर्धशतकात डझनभर निवडणुका झाल्या, आणि प्रत्येक निवडणुकीत विकासाचे अभिवचन दिले गेले.

रूळ आणि रस्ता डोळ्यांस दिसतात. बाजारभाव दिसत नाही, पण तोही दिल्लीतच घडतो. या भागातील शेतकऱ्याचे खरिपाचे गणित सोयाबीनवर उभे आहे. 2024-25 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने सोयाबीनला क्विंटलमागे 4,892 रुपये हमीभाव जाहीर केला. खाद्यतेलावरील आयातशुल्क सप्टेंबर 2024 मध्ये वाढविण्यात आले आणि मे 2025 अखेर कच्च्या तेलापुरते ते पुन्हा खाली आणण्यात आले. मधल्या हंगामात बाजारातील दर हमीभावाखाली राहिले, हे मोंढ्यात माल घेऊन गेलेल्या कोणाही शेतकऱ्यास सांगावे लागणार नाही. शुल्क किती असावे याविषयी मतभेद असू शकतात; शहरातील गृहिणीस तेल स्वस्त हवे असते आणि तिचेही म्हणणे खोटे नाही. परंतु हा निर्णय होत असताना आपला प्रतिनिधी कोणत्या बाजूने आणि काय बोलला, हे जाणण्याचा अधिकार दोघांसही आहे.

आता प्रत्यक्षात काय घडते ते पाहावे. 2024 साली या मतदारसंघात सुमारे 20 लाख मतदार होते. 2009 साली येथील निकाल सात हजारांच्या आतल्या मताधिक्याने लागला होता. 2024 साली विजयी उमेदवाराचे मताधिक्य सव्वातीन लाखांच्या वर गेले. एवढा मोठा कौल कोणत्या कामाबद्दल दिला वा कोणत्या हयगयीबद्दल नाकारला, हे मात्र कोणास नेमके सांगता येणार नाही. 2022 आणि 2023 साली दोन पक्षांत पडलेली फूट, पुढाऱ्यांच्या निष्ठा-अनिष्ठा, जातींची समीकरणे आणि घराण्यांची जुनी वैरे यांनीच व्यासपीठ व्यापले होते. विजय कोणाचाही होवो, अशा निकालातून निवडून आलेल्यास आदेश मिळत नाही आणि पडलेल्यास धडा मिळत नाही.

यात सारा दोष पुढाऱ्यांचा नाही. खासदाराकडून काय मागावे, याविषयी आपलीच समजूत कच्ची आहे. गावातील गटार, शाळेची खोली, देवळापुढील सभामंडप यांसाठी आपण खासदाराच्या दारात जातो. त्याच्या स्थानिक विकास निधीतून ही कामे होतातही. परंतु तो निधी वर्षाला 5 कोटी रुपये. 20 लाख मतदारांत वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्यास 25 रुपये येतात. ज्या सभागृहात देशाचा सारा अर्थसंकल्प मंजूर होतो, त्या सभागृहात पाठविलेल्या माणसाची परीक्षा आपण या 25 रुपयांवर करावी, यासारखा तोट्याचा व्यवहार दुसरा नसेल. गटाराचा हिशेब ग्रामपंचायतीस आणि जिल्हा परिषदेस विचारावा. खासदारास रेल्वे, महामार्ग, आयात-निर्यात आणि हमीभाव यांचा हिशेब विचारावा.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. 1985 सालच्या पक्षांतरबंदीच्या घटनादुरुस्तीनंतर खासदार पक्षादेशाने बांधला गेला आहे; मग व्यक्तीची झडती घेण्यात काय हशील, पक्ष पाहून मत द्यावे हेच बरे, असे अनेक सुबुद्ध लोक म्हणतात. पक्ष पाहू नये असे आम्हीही म्हणत नाही. परंतु पक्षादेश मतदानाला बांधतो. प्रश्न विचारण्याला, शून्य प्रहरात उभे राहण्याला, रेल्वेमंत्र्याच्या दालनात पुनःपुन्हा जाण्याला तो बांधत नाही. केंद्राच्या योजनांवर जिल्ह्यात देखरेख ठेवणारी ‘दिशा’ समिती खासदाराच्याच अध्यक्षतेखाली भरते, आणि तिची बैठक दर तिमाहीस व्हावी असा दंडक आहे. ती किती वेळा भरली आणि तिच्यात काय ठरले, हे विचारावयास कोणत्याही पक्षादेशाची आडकाठी नाही.

सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सुमारे 84 किलोमीटरच्या या मार्गाची पायाभरणी 9 जानेवारी 2019 रोजी सोलापुरात पंतप्रधानांच्या हस्ते झाली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात निवडणूक झाली. पाच वर्षांनी, 7 मे 2024 रोजी, पुन्हा मतदान झाले, तेव्हाही तुळजापूरच्या भाविकास गाडीने जाता येत नव्हते. खर्चाचा निम्मा भार राज्याने उचलावयाचा असल्याने जबाबदारी दिल्ली आणि मुंबई यांत वाटली गेली आहे. आणि वाटलेली जबाबदारी पाठीशी कोणी लागल्याखेरीज पार पडत नाही. त्यासाठी जो पाठीशी लागतो तो खासदार. म्हणून 2029 साली मते मागावयास येणाऱ्या प्रत्येकास, मग तो आजचा खासदार असो वा नवखा उमेदवार, या मार्गाची मिती आणि रक्कम यांसह उत्तर देणे भाग पाडले पाहिजे.

हे भाग पाडणार कोण? या मतदारसंघाची घडण अशी की, 2008 च्या पुनर्रचनेप्रमाणे धाराशिव जिल्ह्यातील उमरगा, तुळजापूर, उस्मानाबाद आणि परांडा यांच्या जोडीस लातूर जिल्ह्यातील औसा आणि सोलापूर जिल्ह्यातील बार्शी जोडलेले आहेत. तीन जिल्ह्यांची कचेऱ्या-समित्यांची वाट वेगळी. त्यामुळे मतदारसंघ म्हणून एकत्र बसण्याची जागाच कोठे नाही. ती जागा नागरिकांनी निर्माण करावी. वकील, शिक्षक, डॉक्टर, व्यापारी आणि शेतकरी यांनी पक्षभेद बाजूस ठेवून वर्षातून एकदा खासदारास निमंत्रण द्यावे, प्रश्न आधी लेखी कळवावे आणि आलेली उत्तरे छापून प्रसिद्ध करावीत. खासदार न आल्यास रिकामी खुर्चीही वृत्तपत्रांनी नोंदवावी. आम्ही ती नोंदवू. बार्शी, औसा आणि धाराशिव यांना सारखीच सोयीची म्हणून पहिली सभा येडशीस भरविण्यास हरकत नसावी. अशी सभा महाराष्ट्रातील प्रत्येक मतदारसंघात भरू शकते.

आमचा सुशिक्षित वाचक राजकारणाविषयी पुष्कळ बोलतो. मतदारयादीत आपले नाव आहे की नाही, हे मात्र अनेकदा मतदानाच्या दिवशी पाहतो. वर्षातून चार अर्हता दिनांक ठरविण्यात आल्यापासून ही सबबही उरलेली नाही. येडशीपासून जवळच असलेल्या कसबे तडवळे येथे 1941 च्या फेब्रुवारीत डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग परिषद भरली, तेव्हा निजामाच्या राज्यात प्रौढ मताधिकार नव्हता. पुढे 11 वर्षांच्या आत त्याच परिसरातील स्त्रीपुरुषांनी स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीत मत टाकले. हैदराबाद, मुंबई आणि महाराष्ट्र अशी तीन राज्ये या मतदारांनी पाहिली. लोकसभा मात्र पहिल्यापासून तीच आहे. एवढ्या वाटेने हाती आलेल्या अधिकाराचा हिशेब मागावयास निवडणुकीच्या घोषणेची वाट पाहण्याचे कारण नाही. पहिला प्रश्न याच वर्षी लेखी पाठवावा.