बेटांना हवे ते शेजारधर्माचे बळ

मराठी माणूस घराबाहेर पडला तो दोन वाटांनी. एक वाट माळव्याची. धारेनजीकच्या तिरला-अमझेरा मुलखात १७२८ साली चिमाजीअप्पांच्या फौजेने मोगल सुभेदाराचा पाडाव केला आणि पुढे धार व देवास येथे पवारांचा अंमल स्थिरावला. त्या दौलतींच्या आश्रयाने गेलेल्या कुटुंबांची मराठी त्या भागात अद्यापि कानी पडते. दुसरी वाट समुद्राची. १८३४ नंतर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून गिरमिटिया मजूर नेण्यास आरंभ झाला. त्यांत रत्नागिरीच्या, म्हणजे आपल्याच किनारपट्टीच्या माणसांचा भरणा होता. त्यांची नातवंडे-पणतवंडे आज तेथे मराठी मंडळ्या चालवितात, गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते, आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचे अध्यापन होते.

या दोन वाटांत एक मोठा भेद आहे. माळव्याला गेलेल्याच्या पाठीशी भूमी होती. तिरल्याचा पाऊस हुकला तर इंदूरच्या बाजारातून धान्य आणता येते, शेजारच्या तालुक्यातून चारा येतो, जिल्हा हात देतो, राज्य देते. बेटावर गेलेल्याच्या पाठीशी समुद्रच असतो आणि पुढेही समुद्रच. म्हणूनच लहान बेटांच्या शाश्वत विकासासाठी राष्ट्राराष्ट्रांचे सहकार्य हा विषय निघाला की, तो परराष्ट्रखात्याच्या मेजवान्यांचा विषय आहे असे समजण्याची चूक निदान आम्ही किनाऱ्यावरच्यांनी करू नये. बेटाच्या दृष्टीने ते सहकार्य म्हणजे शेजाऱ्याची कणगी आहे.

मॉरिशसचे क्षेत्रफळ गोव्याच्या निम्म्याहून थोडे अधिक आणि लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. इंधन बाहेरून येते, तांदूळ बाहेरून येतो. १९६० च्या 'कॅरल' वादळाने त्या बेटाची दैना केली, तेव्हा अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी त्याच्या भवितव्याविषयी फार निराशेचे चित्र रंगविले होते. मीड यांना पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. मॉरिशसने मात्र त्यांचे भाकीत खोटे पाडले. यात तेथील जनतेचे कष्ट आहेतच, पण १९७५ च्या लोमे कराराचाही वाटा आहे. त्या करारान्वये युरोपीय समुदायाने मॉरिशसची सुमारे पाच लाख टन साखर दरवर्षी हमीभावाने घेण्याचे मान्य केले. तो भाव जागतिक बाजारापेक्षा बहुतेक काळ चढाच राहिला. त्या पैशातून कापडाचे कारखाने उभे राहिले, हॉटेले उभी राहिली. पुढे युरोपने आपले साखरधोरण बदलले आणि २००९ साली ती हमी संपुष्टात आली. मॉरिशस तोवर अन्य धंद्यांच्या आधारावर उभे होते म्हणून तगले. उसाच्या चिपाडापासून वीज निर्माण करण्याची जुनी विद्याही कामी आली. परंतु देणाऱ्याच्या मर्जीवर उभे असलेले सहकार्य किती काळ पुरते, याचा धडा त्या बेटाने तेव्हा घेतला.

हा धडा एकट्या मॉरिशसचा नव्हता. १९९० साली लहान बेटांनी आपली एक आघाडी उभारली. आज तिचे ३९ सदस्य आहेत. १९९४ साली बार्बाडोस येथे संयुक्त राष्ट्रसंघाची बेटांसाठीची पहिली परिषद भरली, २००५ च्या जानेवारीत पोर्ट लुईला दुसरी. हिंदी महासागरातील त्सुनामीला तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते, आणि या महासागरात पूर्वसूचनेची यंत्रणा हवी ही मागणी तेथे जोराने पुढे आली. २०१५ च्या पॅरिस करारात तापमानवाढ दीड अंशावर रोखण्याचे जे लक्ष्य शिरले, तेही मुख्यतः या बेटांच्या हट्टाने. मोठी राष्ट्रे दोन अंशांवर समाधानी होती. प्रशांत महासागरातील वानुआतूसारख्या चिमुकल्या देशाने पुढाकार घेतला आणि हवामानाच्या रक्षणाबाबत राष्ट्रांची कर्तव्ये कोणती, हा प्रश्न थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे नेला. ही कर्तव्ये कायदेशीर आहेत आणि त्यांचा भंग हे अवैध कृत्य ठरते, असा सल्लागारी अभिप्राय न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. ज्यांच्यापाशी ना सैन्य ना पैसा, त्यांनी एकजुटीवर एवढे मिळविले.

पण कागदावरचे यश आणि किनाऱ्यावरचे यश यांत अंतर असते. २५ जुलै २०२० रोजी 'वाकाशिओ' हे जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्याजवळ प्रवाळावर चढले. मालक जपानी, नोंदणी पनामाची, नुकसान मॉरिशसचे. सुमारे हजार टन तेल त्या निळ्या खाजणात पसरले. गावोगावचे लोक उसाची पाचट भरून तेल अडविण्यासाठी पाण्यात उतरले. फ्रान्सने रियुनियनहून साहित्य धाडले, जपानने तज्ज्ञ पाठविले, भारताने विमानाने तीस टन सामग्री व तटरक्षक दलाचे दहा जण रवाना केले. ही मदत अमोल होती. मात्र तेलवाहू जहाजांसाठी असलेला आंतरराष्ट्रीय भरपाई निधी या जहाजास लागू नव्हता, कारण सांडले ते मालाचे तेल नसून जहाजाचे स्वतःचे इंधन होते! कायद्याच्या या बारकाव्याची किंमत कोळ्यांनी मोजली. कांदोळीच्या वाळूत २००० साली रुतलेली 'रिव्हर प्रिन्सेस' बारा वर्षे पाहिलेल्या आणि दर पावसाळ्यात डांबरगोळे तुडविणाऱ्या गोमंतकीयांस हे अधिक फोड करून सांगण्याची आवश्यकता नाही.

आता भारताविषयी. मॉरिशसच्या मेट्रोला आपले साहाय्य आहे, सौर विजेच्या प्रकल्पास आहे; २०२१ साली ग्लासगो येथे बेटांच्या आपत्तीक्षम बांधकामांसाठी जो उपक्रम जाहीर झाला, त्यातही भारत अग्रभागी होता. त्याबद्दल आम्हांस अभिमान वाटतो. पण त्याच ग्लासगोत कोळशाचा वापर 'बंद करण्या'ऐवजी 'कमी करण्या'ची शब्दयोजना ठरावात आणण्यात भारत पुढे होता आणि बेटांच्या प्रतिनिधींनी त्यावर उघड नापसंती दर्शविली, हेही लपविण्यात अर्थ नाही. कोट्यवधी घरांत वीज पोहोचविण्याची भारताची गरज खरी आहे. बेटांची भीतीही तितकीच खरी आहे. एका हाताने सौर पट्टे द्यायचे आणि दुसऱ्याने पाण्याची पातळी वाढवायची, हा विसंवाद किती दिवस झाकता येईल?

आगालेगाचेही तसेच. मॉरिशसच्या उत्तरेस सुमारे अकराशे किलोमीटरांवरच्या त्या दोन बेटांवर तीनेकशे माणसे राहतात. तेथे भारताने बांधलेली धावपट्टी व धक्का यांचे उद्घाटन फेब्रुवारी २०२४ मध्ये झाले. रुग्णाला मुख्य बेटावर हलविण्यासाठी किंवा वादळात मदत पोहोचविण्यासाठी त्यांचा उपयोग निर्विवाद आहे. हिंदी महासागरावर नजर ठेवण्याची भारताची निकडही आम्ही अमान्य करीत नाही. मात्र धावपट्टी नेमकी कोणाच्या गरजेची, अशी कुजबुज त्या बेटांवर चालते आणि ती केवळ हितशत्रूंची आहे असे म्हणून भागणार नाही. कराराच्या अटी दोन्ही देशांच्या जनतेपुढे उघड ठेवल्या, तर ती कुजबुज बरीचशी विरेल.

आणखी एक काम भारताच्या हाती आहे. बेटांना सवलतीचे कर्ज द्यायचे की नाही हे ठरविताना दरडोई उत्पन्नावर मोठा भर असतो. मॉरिशसचे उत्पन्न बरे, म्हणून सवलतीची दारे त्याला बहुतांशी बंद. आणि एका वादळाने दहा वर्षांची कमाई वाहून गेली तरी ते आकड्यांत उशिराने उमटते. २०२० साली जागतिक बँकेने मॉरिशसला श्रीमंत राष्ट्रांच्या पंक्तीत बसविले, आणि त्याच वर्षी महामारीने त्याचा पर्यटनाचा धंदा बसला! पुढच्याच वर्षी बँकेला त्याला पुन्हा खालच्या पंक्तीत आणावे लागले. उत्पन्नाबरोबर संकटप्रवणताही मोजणारा निर्देशांक संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २०२४ साली मान्य केला आहे. बँकांवर तो बंधनकारक नाही. बेटांचा आवाज त्या संचालक मंडळांत क्षीण आहे, भारताचा नाही. जागतिक बँकेतील आपल्या प्रतिनिधीने हा निर्देशांक कर्जाच्या निकषांत घ्यावा यासाठी जाहीर भूमिका घ्यावी, आणि गोवा-कोकणातील खासदारांनी दिल्लीत तिचा पाठपुरावा करावा. ज्या किनाऱ्यावरून ती माणसे बोटीत चढली, त्या किनाऱ्याच्या प्रतिनिधींवर हे काम अधिक येते.