मागेल त्यालाच औषध?

आज 12 मे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल 1820 साली याच तारखेला जन्मल्या, म्हणून हा परिचारिका दिन. अमरावतीच्या इर्विन रुग्णालयापासून गावोगावच्या आरोग्य केंद्रांपर्यंत मेणबत्त्या लागतील, शपथ होईल, गुच्छ दिले जातील आणि वऱ्हाडी ऊन डोक्यावर येईतो ज्या त्या सिस्टर वॉर्डात परतलेल्या असतील. त्या वॉर्डातल्या एका कामाकडे आज लक्ष वेधावंसं वाटतं. ते काम म्हणजे ऑपरेशन झालेल्या माणसाचं दुखणं सांभाळणं.

जवळच्या नांदगाव पेठची बाई सिझरसाठी डफरीन हे स्त्री रुग्णालय गाठते. औद्योगिक वसाहतीत मशीनमध्ये हात सापडलेला किंवा महामार्गावर गाडीखाली आलेला माणूस इर्विनला जातो. ऑपरेशन कसं झालं, हे घरचे डॉक्टरांना दहादा विचारतात. पुढच्या दोन रात्री मात्र सिस्टरच्या भरवशावर असतात.

केसपेपरवर दुखण्याच्या इंजेक्शनापुढे पुष्कळदा ‘एसओएस’ लिहिलेलं असतं, म्हणजे लागलं तर द्या. प्रत्यक्षात ते मिळतं ओरडणाऱ्याला. आपल्याकडे दुखणं अंगावर काढण्याचं भारी कौतुक! सिझरची बाई सासूदेखत कण्हत नाही. जन्मभर वावरात राबलेला म्हातारा ‘काही नाही बाई, बरं हाय’ म्हणत भिंतीकडे तोंड करतो. मेळघाटातून आलेल्या कोरकू बाईला तर सांगायला मराठीही पुरत नाही. गप्प राहणाऱ्याला औषध नाही, असा हा उफराटा न्याय आहे.

सोसण्याची किंमत शरीर मोजतं. पोटावर टाके असलेला माणूस दुखतं म्हणून खोकत नाही, पुरता श्वास घेत नाही. मग कफ साठतो, फुप्फुसाचा तळ नीट उघडत नाही, न्यूमोनियाला वाट मिळते. पाय हलवले नाहीत तर शिरांत रक्ताची गुठळी होण्याची भीती. बाळंतिणीला कुशीवर वळवत नाही, की बाळाला पाजायला धड बसवत नाही. सुरुवातीचं तीव्र दुखणं आवरलं नाही, तर काहींच्या मागे ते महिनोन्‌महिने लागतं.

जाणती सिस्टर म्हणूनच मागण्याची वाट पाहत नाही. रुग्णाला पहिल्यांदा उठवायचं असेल, तर औषधाला लागू पडायला वेळ मिळेल अशा बेतानं ती आधीच देते. मग कुशीवर वळवते, पाय खाटेखाली सोडायला लावते, कोपरावर भार देऊन बसवते. चादरीची घडी टाक्यांवर धरायला सांगते आणि म्हणते, ‘आता दाबून धर अन् खोक.’ शून्य ते दहाचा आकडा समजत नसेल तर विचारते, ‘रुपयात किती आणे दुखते?’ बारा आणे, हे उत्तर वऱ्हाडात कुणीही देतं. इंजेक्शननंतर अर्ध्या तासानं पुन्हा तोच प्रश्न. पुष्कळ ठिकाणी नेमकं हे दुसरं विचारणंच राहून जातं.

मार्गो मॅकॅफरी या अमेरिकी परिचारिकेनं 1968 सालीच बजावलं होतं की रुग्ण जे आणि जेव्हा दुखतं म्हणतो, तेच दुखणं मानावं. पुढे अमेरिकेत शून्य ते दहाच्या आकड्याचा अतिरेक झाला, अफूजन्य गोळ्या वारेमाप वाटल्या गेल्या आणि लाखो लोक व्यसनात अडकले. तो धडा विसरू नये. पण आपला रोग उलटा आहे. मॉर्फिनसारखी औषधं मिळणं सुकर व्हावं म्हणून 2014 साली अमली पदार्थ कायद्यात दुरुस्ती झाली, तरी धास्ती उरलीच. खरं तर टाक्यांच्या दुखण्यावर बऱ्याचदा पॅरासिटामॉलसारखं साधं औषध घड्याळ लावून दिलं, तरी जोरकस औषधाची गरज कमी होते. जोरकस दिलंच, तर गुंगी आणि श्वास यांच्यावर नजर हवी, तीही सिस्टरचीच.

 

पण रात्रपाळीला भरलेल्या वॉर्डात एकटी अधिपरिचारिका असेल, तर ती किती जणांना दोनदा विचारणार? भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण रुग्णालयात 5 रुग्णांमागे 1 आणि शिकाऊ रुग्णालयात 3 मागे 1 परिचारिका हवी. कोणत्याही सरकारी वॉर्डात रात्री जाऊन खाटा मोजाव्यात. खाली चटईवर निजलेले रुग्ण मोजायला विसरू नये.

तेव्हा आज गुच्छ देणाऱ्या अधिकाऱ्यांनी दोन कामं करावीत: रिकाम्या जागा भराव्यात आणि ताप-नाडीच्या तक्त्यात दुखण्याचा रकाना घालून तो रोज तपासावा. आणि खाटेशी बसणाऱ्या घरच्यांनो, तुमचा माणूस गप्प असला तरी एकदा उठा आणि सिस्टरला सांगा, याला दुखतंय.