बंधाऱ्याची दारे कोणाच्या हातात?



कोल्हापुरी बंधारा ही तशी साधी गोष्ट. नदीत खांब, खांबांना खाचा, खाचांत दारे. पावसाळ्यात दारे काढून नदीला वाट मोकळी करायची, पाऊस सरला की दारे टाकून वाहते पाणी अडवायचे. पंचगंगेवर हे जमते, कारण ती नदी पाऊस थांबल्यावरही वाहते. आमच्या मांजरा, तेरणा, सीनेचे तसे नाही. आमचा भरवसा परतीच्या पावसावर. तो सप्टेंबरात, कधी ऑक्टोबरात येतो, दोन दिवसांत नदी दुथडी भरते आणि बघता बघता तळाचे गोटे उघडे पडतात. दारे लवकर टाकली तर पूर अंगावर, उशिरा टाकली तर पाणी कर्नाटकात. बंधाऱ्याची सगळी कमाई या थोड्या दिवसांची.

आणि हे दिवस ठरवतो कोण? नदीकाठचा माणूस नव्हे. आधी निविदा निघते, मग ठेकेदार सापडतो, मग कळते की निम्मी दारे गंजली, काही भंगारात गेली आणि उरलेल्यांना रबर नाही. तोवर नदी आटलेली असते. शंभर हेक्टरपर्यंतचा बंधारा जिल्हा परिषदेचा, त्यावरचा सरकारी खात्याचा. तक्रार घेऊन गेलो की आधी हा बंधारा नेमका कोणाचा, यावरच दिवस जातो!

कोणी म्हणेल, जिरायत कापूस-ज्वारीवाल्याला बंधाऱ्याचे काय? काठावर मोटारी लावून ऊस करणारे वेगळे. पण बंधाऱ्यात पाणी थांबले की आसपासच्या विहिरींना पाझर राहतो. शाळू पोटरीत असताना एक पाणी मिळाले तर कणीस भरते, नाही मिळाले तर नुसता कडबा. गावाची नळाची विहीरही बहुधा नदीच्याच पात्रात असते. धनेगावचे मांजरा धरण २२४ दशलक्ष घनमीटरचे, तरी २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. शहराला रेल्वे मिळाली. वाडी-वस्तीवर रेल्वे जात नाही, तिथे डोक्यावरची घागरच.

आता दुसरी बाजू. २०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूम भागात पुराने काय केले ते सांगायला नको. अडकलेली माणसे हेलिकॉप्टरने काढावी लागली. त्या पाण्यापुढे कोणाचेच काही चालले नसते, हे आम्ही मान्य करतो. पण दारे न काढलेल्या बंधाऱ्यावर झाडे-झुडपे, कडबा अडकतो, पाणी फुगते आणि नदी बंधारा सोडून बाजूचा भराव फोडते. खांब जागेवर राहतात, वाहून जाते ती शेजारच्या शेताची काळी माती. पिकाचे पंचनामे होतात. वीतभर माती तयार व्हायला किती पिढ्या लागतात, त्याचा रकाना कुठल्या फॉर्मात आहे?

शिवाय बंधाऱ्याचा वरचा स्लॅब म्हणजे आमचा पूल. शाळेची पोरे, दुधाच्या किटल्या, कापसाची गाडी, सगळे त्यावरूनच. कठडा असला तर नशीब. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा पंधरा मीटरवरच्या धरणांना, काही अटींवर दहा मीटरवरच्यांना लागू आहे. आमचे बंधारे त्या मापात बसत नाहीत. बुडायला मात्र तेवढे पाणी पुरते.

आमची मागणी दानाची नाही. दारे, रबर आणि दारे टाकण्या-काढण्याचा पैसा गावाच्या पाणी वापर संस्थेकडे द्या. २००५ च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या संस्थांना सिंचन व्यवस्थापनात जागा दिलेलीच आहे. जिथे संस्था नाही तिथे ग्रामसभेकडे द्या. वरच्या धरणातून पाणी सोडण्याआधी खालच्या प्रत्येक गावाला दवंडी, फोन, जे असेल त्याने खबर द्या, आणि ती दिवसाउजेडी द्या. कठडे आणि पाणीपातळीची खूण यांना फार पैसा लागत नाही.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या बंधाऱ्याची दारे मोजून यावे. किती असायला हवीत, किती आहेत, किती बसतात. तेवढा कागद हातात असला की अधिकाऱ्यांशी बोलणे सोपे जाते.