दुखणं अंगावर काढायला लावू नका

कळमनुरी तालुक्यातल्या डोंगरकडा गावासारख्या ठिकाणी खेळ म्हणजे कबड्डी, खो-खो आणि धावणं, तेही बहुधा कडक जमिनीवर. बारा-चौदा वर्षांच्या मुलाने गुडघ्याखालचं हाड दुखतं म्हटलं, की ‘वाढीचं वय आहे, होईल बरं’ असं सांगून त्याला पुन्हा पळायला लावलं जातं. वाढ हे कारण खरंच आहे, पण म्हणूनच सराव आवरायला हवा. या वयात हाडांची टोकं अजून कूर्चेची, मऊ असतात. मांडीचा स्नायू नडगीच्या वरच्या उंचवट्याला प्रत्येक उडीत ओढतो आणि तिथे सूज येते. डॉक्टर याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात. टाचेत असंच दुखणं आठ ते चौदा वयात होतं.

‘विश्रांती दिली तर चौदा वर्षांखालच्या संघातली जागा जाईल,’ ही पालकांची भीती रास्त आहे. पण इथे खेळ पूर्ण बंद करायचा नसतो. उड्या व वेगाच्या फेऱ्या कमी करायच्या, मांडी-पोटरीचे स्नायू ताणायचे, सरावानंतर बर्फ लावायचा. आठवड्यातले सरावाचे तास वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत, हा क्रीडावैद्यकातला सल्लाही पाळण्याजोगा आहे. मात्र लंगडणं, ताप, एकाच पायात रात्रीचं दुखणं किंवा जांघेतली कळ दिसली, तर मालिश करत बसू नका. क्रीडाशिक्षकांनी आणि पालकांनी त्या मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं.