डाकीण आणि तिची जमीन

रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'मधील चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी अशी रंगवली की बालप्रेक्षक आधी दचकत आणि मग खिदळत. 2018 मध्ये ते नाटक नव्या संचात आले, तेव्हाही मुलांची गर्दी उसळली. शहरी मध्यमवर्गाचा चेटकिणीशी संबंध येतो तो एवढाच. सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यातील पाड्यांवर मात्र 'डाकीण' हा शब्द ऐकून कोणी हसत नाही. तो जिला चिकटतो तिला मार खावा लागतो, गाव सोडावे लागते, प्रसंगी प्राणासही मुकावे लागते.

या प्रकाराला 'अज्ञान' असे नाव देऊन आपण मोकळे होतो. अज्ञान आहेच, पण ते साऱ्या गावाचे असताना बोट मात्र पुनःपुन्हा एकट्या, विधवा, निराधार बाईकडेच का वळावे? हा विषय वर्गात निघाला असता त्या भागातून आलेला एक विद्यार्थी म्हणाला, "सर, तिची शेती आता कोण कसतो, ते विचारा." प्रस्तुत लेखकाला त्या दिवशी पुढील व्याख्यान सुचेना.

झारखंडमधील आदिवासी समाजाविषयी गोविंद केळकर व देव नाथन या अभ्यासकांनी हेच दाखविले आहे. संथाळांच्या रूढीनुसार विधवेला पतीच्या जमिनीवर हयातीपुरता हक्क असतो. तिच्यामागे ती जमीन पतीच्या पुरुष भाऊबंदांकडे जाते. म्हणजे ती जगेल तितकी वर्षे भाऊबंदांनी थांबायचे. गावात ताप पसरला, गुरे मेली, की ही प्रतीक्षा संपविण्याची संधी चालून येते. भगताचा कौल मिळाला की झाले!

जमिनीचा प्रश्न नसेल तेथे धान्याचा असतो. एडवर्ड मिगेल या अर्थशास्त्रज्ञाने टांझानियातील मेआटू जिल्ह्याचा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध केला. अवर्षणाच्या वा अतिवृष्टीच्या वर्षी तेथे 'चेटकिणी'च्या हत्या सुमारे दुप्पट होत. इतर खून मात्र तसे वाढत नसत. बळी बहुधा वृद्ध स्त्रिया, आणि मारणारे बहुधा नातलगच. मिगेल यांनी सुचविलेल्या उपायांत वृद्धांना निवृत्तिवेतन हाही एक होता. भुताखेतांच्या प्रश्नाला हे उत्तर काहींना रुक्ष वाटेल. मला ते फार शहाणपणाचे वाटते.

कायद्याचे म्हणाल, तर बिहारने तो 1999 मध्येच केला. आपल्याकडे 20 ऑगस्ट 2013 रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली, तेव्हा कोठे सरकारला वटहुकुमाची निकड भासली. डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. अमुक व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने जनावरांचे दूध आटविते, असे जाहीर करणे हादेखील त्याखाली गुन्हा असून सहा महिने ते सात वर्षे कैदेची तरतूद आहे. कायदा चांगला आहे. पण तो शिक्षा करतो ती आरोप करणाऱ्या तोंडाला. त्या आरोपाने ज्याचे शेत वाढले त्याच्यापर्यंत तो आपोआप पोहोचत नाही.

अशा प्रत्येक फिर्यादीसोबत तलाठ्याकडून त्या बाईचा सातबारा मागवावा. नाव तिचेच आहे काय, प्रत्यक्ष कसतो कोण, आणि तो फिर्यादीतील आरोपींचा कोण लागतो, याची नोंद तपासाच्या कागदांत व्हावी. गाव सोडून गेलेल्या बाईच्या जमिनीवर तिच्या गैरहजेरीत कोणताही फेरफार मंजूर होऊ नये. यासाठी नवा कायदा लागत नाही. तहसीलदाराने मनावर घेतले तरी पुरे.